मतदार आहोत, सभासद केव्हा?
(अपंगांचे राजकीय प्रतिनिधित्व आणि आपली राज्यघटना)

निवडणुका जवळ आल्या की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. चाकाच्या खुर्चीत बसलेला एखादा मतदार, मागे खुर्ची ढकलणारा स्वयंसेवक आणि शाई लावलेले बोट उंच धरलेले. छायाचित्र खोटे नसते. मतदान केंद्रावर उतार बांधला जातो, खुर्ची मिळते, मतदान यंत्रावर ब्रेल अंक असतात आणि ज्याला दिसत नाही त्याला नियमानुसार सोबती नेता येतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणि ८५ वर्षांवरील वृद्धांना घरबसल्या मत देण्याची मुभा होती. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा आहे. हा मतदार मत देतो ते कोणाला? आणि ज्या यादीतून तो निवड करतो, त्या यादीत त्याच्यासारखा कोणी असतो का?

मत देता येणे ही एक गोष्ट आणि सभागृहात बसून निर्णयात भाग घेता येणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी न्यायालयांनी व निवडणूक आयोगाने गेल्या वीस वर्षांत बरेच काही केले. दुसरीविषयी मात्र आपल्या राज्यघटनेत एक अक्षरही नाही. हे असे का झाले, त्यामुळे काय बिघडते आणि घटनेत कोणता बदल केला असता ते सुधारेल, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून तो मी करीत आहेच; पण तेवढेच कारण नाही. माझा डावा पाय जन्मापासून अधू आहे आणि कॅलिपर व कुबडी यांच्या आधाराने मी चालते. तेव्हा मी अगदी तटस्थपणे लिहीत आहे असा आव आणणार नाही.

शब्दाविषयी एक खुलासा. 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये सुचवल्यापासून सरकारी कागदांत रूढ झाला आहे. शब्दाने मान मिळत असेल तर आनंदच आहे. पण आमच्या गल्लीत अजून 'अपंग' असेच म्हणतात आणि शब्द बदलल्याने पायरीची उंची काही कमी होत नाही. म्हणून या लेखात मी जुनाच शब्द ठेवला आहे.

आता साकीनाक्याविषयी. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जेथे भेटतात तो हा नाका. खैरानी रोडच्या दोन्ही अंगांना लहान लहान गाळे आहेत. त्यांत प्रेस मशीन चालतात, प्लास्टिकचे साचे भरतात, लेथवर सुटे भाग तयार होतात. येथे अपंगत्व सगळ्यांना जन्माने येते असे नाही. ते कामाच्या पाळीतही येते. 'अमक्याची बोटे गेली' हे वाक्य आमच्याकडे कोणाला दचकवत नाही. दुसऱ्या बाजूला काजूपाडा, असल्फा येथल्या वस्त्या टेकडीच्या अंगावर चढत गेल्या आहेत. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि साकीनाक्याला स्थानक झाले. त्या स्थानकाला लिफ्ट आहे. पण लिफ्टमधून उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता, गटारावरची फरशी, गल्लीचा चढ आणि नळापाशी साचलेले पाणी हे सगळे ज्याचे त्याने पाहायचे.

हा रस्ता, हे गटार, ही फरशी कोणाच्या अखत्यारीत येते? लोकसभेच्या नाही, विधानसभेच्याही नाही. ते काम महापालिकेचे, म्हणजे आमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचे. म्हणूनच अपंगांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न दिल्लीपासून सुरू करण्याऐवजी मी प्रभागापासून सुरू करते.

एक उदाहरण देते. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील सार्वजनिक शौचालय पाडून नवे बांधले गेले. नव्या इमारतीला फरश्या लागल्या, दिवे लागले, पाण्याची टाकी आली. सर्वांना समाधान वाटले, मलाही वाटले. फक्त ते जोत्यावर उचलून घेतल्याने दाराशी चार पायऱ्या आल्या आणि धरायला कठडा नव्हता. बांधणाऱ्यांच्या मनात कोणाचे वाईट करायचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच केले, हे कारण योग्यच होते. पण ज्या बैठकीत आराखडा ठरला त्या बैठकीत एकही माणूस असा नव्हता, ज्याला चार पायऱ्या म्हणजे काय हे अंगाने ठाऊक होते. तसा एक जरी असता तर एका बाजूला उतार आणि एक लोखंडी नळीचा कठडा, एवढ्यात काम भागले असते. पुढे दीड वर्षाने कठडा बसला. तोही अर्ज-विनंत्या करून. जे हक्काने आधी सुचायला हवे होते ते उपकार म्हणून नंतर मिळाले. प्रतिनिधित्व नसणे म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मला करता येत नाही.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या; लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. त्या जनगणनेत अपंगत्वाचे मोजकेच प्रकार धरले होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले, त्यामुळे खरा आकडा मोठाच निघेल. तरी २.२१ टक्के हाच धरला, तर लोकसभेच्या ५४३ जागांत १२ आणि मुंबई महापालिकेच्या २२७ जागांत ५ होतात. प्रत्यक्षात किती आहेत? हे मोजण्याची सोयच नाही. उमेदवार जे शपथपत्र भरतो त्यात त्याचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती द्यावी लागते. अपंगत्वाचा रकाना त्यात नाही. मतदार म्हणून आमची नोंद होते, उमेदवार म्हणून होत नाही.

शिवाय हा समाज विखुरलेला आहे. एखादी जात, एखादा धर्म वा भाषा बोलणारे लोक एका भागात दाट वस्ती करतात, मग त्या भागात त्यांच्या मतांना वजन येते. अपंग माणूस मात्र प्रत्येक गल्लीत एक-दोन असा असतो. प्रत्येक मतदारसंघात तो आहे आणि कोठेही तो बहुसंख्य नाही. आपली निवडणूक पद्धती प्रादेशिक मतदारसंघांची असल्याने अशा विखुरलेल्या समाजाला आपल्या बळावर कधीही जागा जिंकता येत नाही. घटनाकारांना ही अडचण माहीत नव्हती असे नाही. अँग्लो-इंडियन समाज लहान आणि देशभर विखुरलेला म्हणून कलम ३३१ अन्वये लोकसभेत त्याचे दोन सभासद नेमण्याची तरतूद त्यांनी केली होती. ती जानेवारी २०२० पर्यंत चालू राहिली. १०४ व्या घटनादुरुस्तीने तिची मुदत पुढे वाढवली नाही. म्हणजे विखुरलेल्यांसाठी वेगळी व्यवस्था करावी लागते, हे तत्त्व आपल्या घटनेला परके नाही. ते अपंगांना लावावे असे त्यावेळी कोणाच्या मनात आले नाही, इतकेच.

मग घटनेत अपंगांचा उल्लेख येतो तरी कोठे? कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई आहे. कलम १६ मध्ये त्यात कूळ व निवास यांची भर आहे. अपंगत्व दोन्हींत नाही. कॅनडाने १९८२ च्या हक्कांच्या सनदेत, जर्मनीने १९९४ च्या दुरुस्तीने आणि दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या घटनेत हा शब्द समाविष्ट केला. आपल्याकडे तो मार्गदर्शक तत्त्वांतील कलम ४१ मध्ये सापडतो : बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने आपल्या ऐपतीनुसार साहाय्य करावे. दुसरा उल्लेख सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत, नवव्या नोंदीत : अपंग व काम करण्यास अक्षम व्यक्तींना साहाय्य. दोन्ही ठिकाणी शब्द 'साहाय्य' हा आहे. घटना १९५० ची आहे आणि तेव्हा जगभर अशीच दृष्टी होती, हे समजून घेतले पाहिजे. भाग तिसरा अपंगांचे नाव घेत नसला तरी समानतेचे, स्वातंत्र्याचे आणि जीविताचे हक्क त्यांनाही पूर्णपणे लागू आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा नागरिक म्हणून आम्ही घटनेत आहोत याविषयी शंका नाही.

खरे आश्चर्य १९९२ चे वाटते. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले. १९९३ पासून त्या अमलात आल्या. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. आमच्या आयांच्या पिढीने ज्या घरांतून कधी पंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या घरांतून सरपंच आणि नगरसेविका आल्या. त्याच दुरुस्त्यांनी अकरावी आणि बारावी अशा दोन अनुसूची जोडल्या, त्यांत स्थानिक संस्थांनी पाहावयाचे अनुक्रमे २९ आणि १८ विषय आहेत. अकराव्या अनुसूचीतील २६ वा विषय समाजकल्याणाचा, त्यात अपंग व मतिमंदांचे कल्याण आले. बाराव्या अनुसूचीतील ९ वा विषय दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा, त्यातही अपंग व मतिमंद आले. म्हणजे रस्ते, पाणीपुरवठा, स्मशानभूमी यांच्या रांगेत आम्हीही एक विषय झालो. ज्या सभेत आमच्याविषयी ठरवायचे ती सभा घटनेने नेमून दिली, कामही नेमून दिले. त्या सभेत आमच्यासाठी खुर्ची ठेवावी हे मात्र राहून गेले. माझ्या लेखाचा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे.

काही ठिकाणी तर दार मुद्दाम बंद होते. ओरिसा नगरपालिका कायदा, १९५० प्रमाणे कुष्ठरोगी व्यक्ती नगरसेवक होण्यास अपात्र ठरत असे. ही तरतूद २००८ मध्ये धीरेंद्र पंडुआ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. मात्र आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या प्रकाशात अशा तरतुदी ठेवाव्यात काय, याचा विधिमंडळाने गंभीरपणे विचार करावा असेही म्हटले. औषधांनी हा रोग पूर्ण बरा होतो हे तोवर साऱ्या जगाला माहीत झाले होते. बाबा आमट्यांचे आनंदवन ज्या महाराष्ट्रात उभे राहिले, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे विशेष खटकेल.

यावर कोणी म्हणेल, 'पण अपंग व्यक्ती निवडून आल्याच नाहीत का?' आल्या आहेत, आणि मानाने आल्या आहेत. साधन गुप्ता हे अंध वकील १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले. पुढे १९८६ मध्ये ते पश्चिम बंगालचे महाधिवक्ता झाले. पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालणारे एस. जयपाल रेड्डी उत्तम संसदपटू म्हणून गाजले आणि केंद्रात मंत्री झाले. १९९४ मधील हल्ल्यात दोन्ही पाय गमावलेले केरळचे शिक्षक सी. सदानंदन मास्टर यांची जुलै २०२५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. ही नावे वाचून मला अभिमान वाटतो. पण सत्तर वर्षांची नावे बोटांवर मोजता यावीत, यातच उत्तर आले. शिवाय ही मंडळी आपापल्या पक्षाच्या आणि कर्तृत्वाच्या बळावर तेथे पोहोचली. अपंगांचे प्रतिनिधी म्हणून त्यांना कोणी पाठवले नव्हते आणि तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल.

आमच्या वतीने बोलणारेही पुष्कळ झाले. त्यांचे ऋण विसरता येणार नाही. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांनी मुलीला पोलिओ झाल्यावर अशा मुलांच्या उपचारांचे मोठे काम या शहरात उभे केले. १९७८ मध्ये त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्या झाल्या. अचलपूरचे बच्चू कडू २००४ ते २०२४ अशी वीस वर्षे आमदार होते. अपंगांच्या प्रश्नांवर त्यांनी आंदोलने केली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण होण्यामागे त्या रेट्याचा मोठा वाटा होता. ते स्वतः अपंग नाहीत. मग दुसरा कोणी आपल्यासाठी एवढे करीत असताना आपलाच माणूस हवा हा हट्ट कशाला?

या प्रश्नाचे उत्तर मुंबईतच, शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. १९१९ मध्ये मताधिकाराच्या चौकशीसाठी आलेल्या साउथबरो समितीपुढे सिडनहॅम महाविद्यालयातील एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. ते प्राध्यापक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी मतांचे प्रतिनिधित्व आणि व्यक्तींचे प्रतिनिधित्व असा भेद केला. एखाद्या समाजाचे म्हणणे दुसऱ्याने मांडले म्हणजे त्याच्या मताचे प्रतिनिधित्व झाले. पण त्या समाजाची माणसे स्वतः सभागृहात बसल्याखेरीज प्रतिनिधित्व पुरे होत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे ते स्वतः मुंबई विधिमंडळात आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. पण नेमणुकीवर त्यांनी समाधान मानले नाही. निवडून येण्याचा हक्क मागितला. नेमणुकीपासून निवडणुकीपर्यंतचा हा प्रवास अपंगांच्या चळवळीने नीट अभ्यासावा असे मला वाटते. अस्पृश्यतेचे दुःख आणि अपंगत्वाचे दुःख एकच आहे असे मी म्हणत नाही. दोहोंची कारणे वेगळी, इतिहास वेगळा. परंतु इतरांच्या सदिच्छेवर हक्क टिकत नाहीत, हा धडा दोघांनाही सारखाच लागू पडतो.

कायद्यांनी आजवर काय दिले? १९९५ चा पहिला कायदा ७ प्रकारच्या अपंगत्वांसाठी होता आणि त्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांविषयीच्या करारास मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ चा नवा कायदा झाला. नोकऱ्यांतील वाटा ४ टक्के झाला आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आल्या. ही तरतूद माझ्यासारख्या अनेकांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत घेऊन आली आहे. त्या करारातील २९ वे कलम राजकीय जीवनातील सहभागाचे आहे. त्यात मतदानाबरोबरच निवडणुकीस उभे राहणे आणि शासनाच्या सर्व पातळ्यांवर पद धारण करणे हेही स्पष्ट आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याने त्यातला मतदानाचा अर्धा भाग घेतला : ११ व्या कलमात मतदान केंद्रे सुगम करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली. उरलेला अर्धा तसाच राहिला. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. पैसा आहे, तो उतारावर खर्च करायचा की समारंभात तीनचाकी वाटण्यावर, हे ठरवणाऱ्यांत आम्ही नाही.

इतरत्र काय घडले ते पाहणे उपयोगाचे होईल. युगांडाच्या १९९५ च्या घटनेने संसदेत अपंगांच्या प्रतिनिधींना स्थान दिले. तेथे पाच जागा त्यांच्यासाठी असून स्थानिक परिषदांतही त्यांचे एक पुरुष व एक स्त्री असे सभासद असतात. केनियाच्या २०१० च्या घटनेप्रमाणे सेनेटमध्ये अपंगांचे दोन प्रतिनिधी, एक स्त्री व एक पुरुष, असतात. झिंबाब्वेच्या २०१३ च्या घटनेतही सेनेटच्या दोन जागा अपंगांच्या आहेत. आपल्यापेक्षा गरीब देशांनी हे केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याच देशात छत्तीसगडने २०१९ च्या अखेरीस निर्णय घेतला की, पंचायतीत अपंग व्यक्ती निवडून आली नसेल तर एक नेमावी. तामिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये दोन विधेयके संमत करून नागरी आणि ग्रामीण अशा सर्व स्थानिक संस्थांत अपंग सभासद नेमण्याची तरतूद केली. नागरी संस्थांत साडेसहाशेच्या आसपास आणि ग्रामपंचायतींत बारा हजारांहून अधिक जागा अशा निर्माण होतात. एका राज्यात एका वर्षी एवढ्या अपंग व्यक्तींना सभेची सूचना हाती येणार, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथेच घटनेची भिंत लागते, आणि ती समजून घेतली पाहिजे. कलम २४३-सी म्हणते, पंचायतीतील सर्व जागा प्रत्यक्ष निवडणुकीने भराव्यात. कलम २४३-आर नगरपालिकांविषयी तेच म्हणते. फक्त नगरप्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असणाऱ्यांना राज्याच्या कायद्याने घेता येते. यांनाच आपण स्वीकृत नगरसेवक म्हणतो. मुंबईत अशा जागा पूर्वी ५ होत्या, २०२३ मध्ये त्या १० झाल्या. पण त्याच कलमात पुढे असे आहे की, या सभासदांना सभेत मताधिकार नसेल. म्हणजे राज्याच्या कायद्याने नेमलेला अपंग सभासद बोलू शकेल, कागद मागू शकेल, प्रश्न विचारू शकेल. हात वर करण्याची वेळ आली की तो पाहुणा ठरेल.

मग राज्याने थेट जागा राखून ठेवाव्यात काय? कलम २४३-डी आणि २४३-टी यांच्या सहाव्या खंडात 'नागरिकांच्या मागास वर्गासाठी' जागा राखण्याची मुभा राज्याला आहे. अपंगांना त्या वर्गात धरावे असा युक्तिवाद करता येईल, पण तो डळमळीत आहे. त्याच खंडाखालील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रालाच अनुभवजन्य आकडेवारी आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या अटी बजावल्या. त्यामुळे खरा उपाय घटनादुरुस्तीचाच उरतो. या दोन कलमांत एक नवा खंड घालावा की, प्रत्येक स्थानिक संस्थेत ठरावीक टक्के जागा अपंग व्यक्तींसाठी राखल्या जातील आणि त्या आळीपाळीने वेगवेगळ्या प्रभागांना मिळतील. नोकऱ्यांतील ४ टक्के हेच प्रमाण धरले, तर मुंबईत ९ नगरसेवक होतात. कलम ३६८ प्रमाणे अशा दुरुस्तीस दोन्ही सभागृहांत एकूण सभासदांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश मत लागते. कठीण आहे, पण स्त्रियांसाठी लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश जागा ठेवणारी १०६ वी दुरुस्ती २०२३ मध्ये याच वाटेने झाली.

या मागणीवर आक्षेप येतील, आणि ते सगळेच फोल नाहीत. पहिला आक्षेप ५० टक्क्यांच्या मर्यादेचा. त्याचे उत्तर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात आहे. अपंगांचे आरक्षण आडवे असते; म्हणजे ते जातींच्या उभ्या रकान्यांना छेदून जाते. अनुसूचित जातीतील अपंग त्या रकान्यात मोजला जातो, खुल्या वर्गातील खुल्यात. त्यामुळे एकूण राखीव जागा वाढत नाहीत, आणि कोणाच्या वाट्यातले काही काढून घ्यावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की अपंग हा एकजिनसी वर्ग नाही. हे खरे आहे. अंध माणसाला फूटपाथची कड हवी असते, चाकाच्या खुर्चीला ती नको असते. कर्णबधिराला उताराचा काहीच उपयोग नाही, त्याला दुभाष्या हवा. मी कुबडीवर चालते म्हणून बहिऱ्या माणसाची अडचण मला आपोआप कळते असे नाही. परंतु स्त्रियाही एकजिनसी नाहीत, कामगारही नाहीत. एका प्रतिनिधीने सर्वांचे सर्व जाणावे अशी अपेक्षा आपण इतर कोणाकडून करीत नाही. शिवाय बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. न्यायालयाने मनोविकल ठरवलेल्या व्यक्तीला कलम ३२६ अन्वये मतदार यादीतून वगळता येते आणि कलम १०२ व १९१ अन्वये ती सभागृहाचीही सभासद होऊ शकत नाही. एकविसाव्या शतकातील मानसशास्त्राच्या कसोटीवर हे शब्द पुन्हा तपासले पाहिजेत, एवढे म्हणून मी थांबते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. स्त्रियांच्या राखीव जागांवर काही ठिकाणी पतिराजांनीच कारभार केला, तसे येथे भाऊ किंवा मुलगा करील. करील, सुरुवातीला नक्कीच करील. पण तीस वर्षांनंतर आज किती सरपंचबाई स्वतः सभा चालवतात ते पाहावे. खुर्ची मिळाल्यावर माणूस बसायला शिकतो. खुर्चीच नसेल तर शिकण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र त्यासाठी सभेचे कागद ब्रेलमध्ये वा ध्वनिमुद्रित स्वरूपात, सांकेतिक भाषेचा दुभाष्या आणि व्यासपीठापर्यंत उतार ही सोय आरक्षणाबरोबरच यायला हवी. नाहीतर निवडून आलेला सभासद सभागृहाच्या पायऱ्यांपाशीच अडेल.

घटनादुरुस्ती होईल तेव्हा होईल. तोवर काय करता येईल? महाराष्ट्र शासनाला घटनेत बदल न करताही प्रत्येक महापालिकेतील स्वीकृत जागांपैकी एक-दोन अपंगांना देता येतील. मताधिकार नसला तरी आराखड्याच्या टेबलापाशी एक माणूस असेल. राजकीय पक्षांना तर कोणत्याच कायद्याची वाट पाहायला नको. उमेदवारी देणे सर्वस्वी त्यांच्या हाती आहे. निवडणूक आयोगाला शपथपत्रात एक ऐच्छिक रकाना वाढवता येईल, म्हणजे निदान मोजणी तरी सुरू होईल.

आणि आपण? आपल्यापैकी बहुतेकजण मतदार झाले आहेत. पुढच्या निवडणुकीत जे उमेदवार दारी येतील त्यांना रस्ता, पाणी यांबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : तुमच्या पक्षाने या शहरात किती अपंगांना उमेदवारी दिली? आणि ५ टक्के निधी गेल्या वर्षी कशावर खर्च झाला? हे प्रश्न अपंगांनीच विचारायचे असे नाही. एका महाविद्यालयातून शंभर-दीडशे विद्यार्थ्यांनी ते विचारले, तर दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता उत्तर शोधू लागेल. आमची संख्या प्रत्येक गल्लीत एक-दोनच आहे, हे मी वर म्हटलेच. ती भरून काढायला शेजारी लागतात.